आधी पासपोर्ट, मग चावी

गल्लीत त्यांना सगळे फौजदारबाई म्हणत. वर्दी त्यांनी जन्मात घातली नव्हती. नवरा गेल्यावर वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या सुट्टीवर आलेल्या परदेशी पाहुण्यांना द्यायच्या, एवढाच त्यांचा उद्योग. पण पाहुणा दारात उभा राहिला की बाईंचा आवाज चढायचा. कुठून आलात, कुठे जाणार, सोबतची ही कोण? मग हात पुढे. "आधी पासपोर्ट, मग चावी."

नियम फक्त पासपोर्टचा फोटो काढून पोलीस चौकीला पाठवण्याचा होता. बाईंनी त्यावर कडी केली होती. एक पाहुणा न्हाणीतलं बेसिन फोडून पसार झाला, तेव्हापासून फोटो चौकीला आणि खुद्द पासपोर्ट बाईंच्या लोखंडी कपाटात, पाहुणा निघेपर्यंत. कपाटाची किल्ली त्यांच्या कमरेला. कुलूप जुनं आणि हट्टी. दार जरा वर उचलून धरलं तरच किल्ली फिरायची.

"फोटो पुरे की गं, वहिनी," थोरली नणंद म्हणायची. ती बाईंकडेच राहायची आणि बाईंना न घाबरणारी घरात ती एकटीच. "लोकांची पुस्तकं दाबून बसतेस. अडीनडीला एखाद्याला लागलं म्हणजे?"

"वन्सं, तुम्ही लसूण सोला. नियमाचं मी बघते."

त्या आठवड्यात सीमेपलीकडून एक तरुण मुलगी आली. खांद्याला एकच पिशवी, आणि एवढ्या उकाड्यात गळ्याला ओढणी गुंडाळलेली. भाषा जवळजवळ इथलीच, फक्त वाक्याच्या शेवटी सूर वर जायचा.

"फोटो काढा," ती म्हणाली, "पण पासपोर्ट माझ्याजवळ राहू द्या. आणि कुणी विचारलं तर मी इथे नाही."

"का गं? चोरी करून आलीस?"

मुलीने ओढणी सोडली. गळ्यावर बोटांचे काळेनिळे वळ होते. "नवऱ्याने. पुन्हा सापडलीस तर जिवंत ठेवणार नाही म्हणालाय. परवाच्या बोटीने मावशीकडे चाललेय."

बाईंचं काळीज हललं. उगाच खोटं कशाला सांगा, हललंच. पण काळीज एकीकडे आणि शिस्त एकीकडे. "या घरात तुझ्या केसाला धक्का लागणार नाही," त्या म्हणाल्या आणि पासपोर्ट कपाटात ठेवून किल्ली फिरवली. संध्याकाळी मुलगी नणंदेशेजारी बसून लसूण सोलत होती. बाईंची नक्कल करून नणंदेने तिला पोट धरून हसायला लावलं. तरी झोपताना तिने दाराला आतून खुर्ची लावल्याचा आवाज दोघींनी ऐकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. "चौकीतून बोलतोय. सीमेपलीकडची एक बाई तुमच्याकडे उतरलीय का? तिच्या पासपोर्टचा फोटो या नंबरवर पाठवा. खोली कुठली?"

जगाची उलटतपासणी घेणारी बाई वर्दीच्या नुसत्या आवाजापुढे शेळी झाली. फोटो पाठवला, पत्ता दिला, वर 'मागची खोली, जिन्याच्या डावीकडे' हेही सांगितलं. "तुमच्यासारखे घरमालक हवेत," तो म्हणाला आणि बाई फुलल्या. त्याच्या वाक्याचा शेवटही वर जात होता. कानाला जरा खटकलं, पण कौतुकात ते बुडून गेलं.

"नाव काय त्याचं?" नणंदेने विचारलं.

"पोलिसाला का कुणी नाव विचारतं?"

भर दुपारी दार वाजलं. बाई वर आपल्या खोलीत चादरींना इस्त्री करत होत्या. खाली नणंदेने कडी काढली आणि तिला "कोण" म्हणायलाही वेळ मिळाला नाही. त्याने दार असं लोटलं की फळी तिच्या तोंडावर बसली. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज बाईंनी वरून ऐकला. मग पुरुषाचा आवाज आला, मुलीचं नाव घेणारा, फोनवरचाच.

मुलगी आपल्या खोलीतून मागच्या जिन्याकडे धावली. धावली आणि सुटलीही. परसात पोचली, फाटकाला हात लागला, आणि तिथे ती थांबली. परक्या मुलखात पासपोर्टवाचून बोटीवर कोण घेणार? ती उलट फिरली आणि अनवाणी जिना चढून बाईंच्या खोलीत आली. "पासपोर्ट! लवकर!"

बाईंनी किल्ली कुलपात घातली. फिरेना. घाईत कपाटाचं दार उचलून धरायचं त्या विसरल्या. "जा गं, तू जा, मी मागून देते," त्या ओरडल्या. मुलगी हलली नाही. दोन्ही हातांनी ती कपाट ओढत होती.

तो आत आला. त्याने मुलीचे केस धरून तिला फरफटत शेजारच्या न्हाणीत नेलं आणि तिचं डोकं बेसिनवर आपटलं. एकदा, मग पुन्हा. बाईंनी तापलेली इस्त्री उचलली आणि त्याच्या मानेवर दाबली. कातडी चरचरली. तो गुरासारखा ओरडला, वळला आणि त्याने बाईंचा हात असा पिळला की मनगट कटकन मोडलं. बाई भिंतीवर आदळल्या. तो पुन्हा मुलीकडे वळला आणि लाथा घालत राहिला. तिचा आवाज बंद झाला तरी त्याचं थांबेना.

थांबवलं ते नणंदेने. तोंड रक्ताने माखलेलं, हातात खलबत्त्यातला लोखंडी बत्ता. तिने तो दोन्ही हातांनी त्याच्या डोक्यात घातला. तो गुडघ्यांवर आला. तिने परत घातला. "वन्सं, पुरे!" बाई किंचाळल्या, पण वन्संचे हात आणखी दोनदा वर गेले. मग तो पडला आणि पडूनच राहिला.

मुलीचं डोकं बाईंनी मांडीवर घेतलं. डोळे उघडे होते. "या घरात तुझ्या केसाला धक्का लागणार नाही," असं आपणच म्हणालो होतो, हे बाईंना आठवलं. त्यांनी तिचे रक्ताने चिकटलेले केस कपाळावरून मागे सारले आणि हंबरडा फोडला. मुलीने काही तो ऐकला नाही.

मग त्या उठल्या. किल्ली फिरवायला एकच हात उरला होता, म्हणून कपाटाचं दार खांद्याने वर रेटलं. किल्ली अलगद फिरली. आत पासपोर्ट ठेवला होता तसाच होता. त्यावर साधा ओरखडाही नव्हता.

शेजाऱ्यांनी बोलावलेले पोलीस आले तेव्हा नणंद जिन्यावर बसली होती, बत्ता मांडीवर घेऊन. वर बाई मुलीपाशी होत्या, मोडका हात लोंबकळता, चांगल्या हाताने पासपोर्ट छातीशी धरलेला. वर्दीतला एक तरुण आत आला, प्रेतं पाहून क्षणभर दाराशीच खिळला, मग त्याने हात पुढे केला.

"हिचा पासपोर्ट ना? द्या इकडे."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. टोपी, बिल्ला, बूट, सगळं जागच्या जागी होतं. त्यांनी पासपोर्ट आणखी घट्ट धरला.

"नाव काय तुझं?" त्यांनी विचारलं. "आधी तुझं ओळखपत्र दाखव."