टाळीपर्यंतचा भाग

ताईच्या कॉम्प्युटरमध्ये एखादी गोष्ट सापडली नाही, असं कधी झालं नाही. तारीख, कॅमेरा, प्रसंग, अशी फोल्डरं लावलेली, की डोळे मिटूनही हवा तो शॉट मिळावा. धाकट्या भावाच्या डिस्कवर मात्र सगळा सावळा गोंधळ. ती त्याला गबाळ्या म्हणायची, अगदी गिऱ्हाइकांसमोरसुद्धा.

दोघं मिळून लग्नामुंजींचं व्हिडिओ शूटिंग करायची. बाबा रिटायर झाल्यावर त्यांच्याबरोबर येऊ लागले. काम एकच. शॉट सुरू होताना कॅमेऱ्यासमोर टाळी वाजवायची, म्हणजे नंतर चित्र आणि आवाज जुळवता येतात. पण नुसती टाळी वाजवतील तर ते बाबा कसले! भुवया उडवत म्हणायचे, "हं सरकार, होऊ द्या सुरू!" कधी घरच्यांच्या नकला करायचे.

जुळणी झाली की ताई टाळीपर्यंतचा भाग कापायची आणि मूळ फाइली कायमच्या पुसून टाकायची. तेवढीच जागा वाचायची. गबाळ्या काहीच पुसायचा नाही. त्यावरून एकदा कडाक्याचं वाजलं. "कचरा सांभाळायचाय तर स्वतःचं दुकान काढ," ती म्हणाली. त्यानं काढलं आणि येणंजाणं बंद झालं.

मग बाबा गेले. एका सकाळी आई स्टुडिओत आली आणि पडद्यासमोर खुर्ची ओढून बसली.

"फोटोत ते नुसते बघत बसतात गं. बोलताना दाखव. प्रत्येक शॉटमध्ये असायचे ना?"

ताईनं एकेक फोल्डर उघडलं. सगळं जागच्या जागी होतं आणि प्रत्येक शॉट टाळीनंतरच सुरू होत होता. एकात कडेला बाहेर जाणारी बाही दिसली. आईनं ती लगेच ओळखली.

"थोडं मागे घे."

मागे काहीच नव्हतं. ताईला स्वतःच्या टापटिपीची शिसारी आली. नाक मुठीत धरून तिनं भावाला फोन लावला.

"तुझ्याकडे बाबा असतील ना रे? तू कुठे काय पुसतोस!"



"दुकान काढलं ना, तेव्हा सगळं साफ केलं गं ताई. अगदी तू करतेस तसं. म्हटलं, कधीतरी येशील, बघशील, शाबास म्हणशील."

आई पडद्यावरच्या बाहीकडे बघत होती.

"काय म्हणतोय? आहेत ना त्याच्याकडे?"

"शोधतोय," ताई म्हणाली.