चार नंबरच्या टाकीचा हीटर

माझ्या डाव्या हाताचं मधलं बोट अर्धंच आहे. तरुणपणी यंत्रात गेलं, ते काही परत आलं नाही. म्हणूनच की काय, प्रयोगशाळेत मासे सांभाळायची नोकरी मला मानवली. बोटाएवढे पट्ट्यापट्ट्यांचे मासे. भूल देऊन अर्धी शेपटी कापा, दोन-तीन आठवड्यांत जशीच्या तशी हजर. हेवा वाटायचा लेकाच्यांचा.

चार नंबरच्या टाकीतल्या बारा जणांचं नशीब मात्र फुटकं. त्यांच्या एका जनुकात खोट होती. पाणी अठ्ठावीस अंशांवर असलं की ते जनुक मुकाट काम करायचं, तेहतीसवर नेलं की हात वर करायचं आणि शेपटी थोटीच राहायची. शेपटी वाढायला हेच जनुक लागतं, हे सिद्ध करण्यात आमच्या घाईबाईंनी तीन वर्षं घातली होती. ही पीएचडी करणारी पोरगी. जेवतेसुद्धा उभ्यानं, म्हणून मीच ठेवलेलं नाव.

बहिणीच्या लग्नाला दहा दिवस जाताना ती बजावून गेली, "मामा, चारचा हीटर तेहतीसवरच. विसरू नका हं."

विसरलो नाहीच. ती थोटकं बघवेनात, एवढंच. सोमवारी हीटर अठ्ठावीसवर आणला आणि ती यायच्या आदल्या दिवशी परत चढवला. वहीत रोज तेहतीसच लिहिलं.

आल्या आल्या तिनं टाकीत डोकावलं आणि मटकन स्टुलावर बसली. बाराही शेपट्या वाढायला लागल्या होत्या.

"जनुकाचा काही संबंधच नाही, मामा. उद्या सरांना सांगते आणि सोडून देते हे."

तिला बसलेली मी पहिल्यांदाच पाहत होतो. मला माझीच लाज वाटली. निवृत्तीला सात महिने उरले होते, आणि खोटी नोंद म्हणजे सरळ घरचा रस्ता.

"हीटर मी उतरवला होता," मी म्हणालो.

तिनं नोंदवही पुढे ओढली.

"कधी?"

"सोमवारी. चहाच्या आधी, साडेदहाला."

टाकीवरचा कॅमेरा रोज फोटो काढतो. तिनं ते एकेक करून उघडले. सोमवारी थोटकं. बुधवारी टोकाला पांढरी कड. शुक्रवारी नजरेत भरेल एवढी वाढ.

"इतके दिवस अडवून ठेवलं, तरी जनुक कामाला लागल्याबरोबर वाढ सुरू," ती पुटपुटली. "हे करून बघायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं." मग माझ्याकडे वळली. "तुमचा गळा दाबावासा वाटतोय मला."

"दाब."

"आधी वहीत खरं लिहा. सर काय म्हणायचं ते म्हणतील."

मी तेहतीस खोडले, अठ्ठावीस लिहिले आणि प्रत्येक ओळीपुढे सही केली. ती माझ्या अर्ध्या बोटाकडे बघत होती.

"पुरावा म्हणून हे चालायचं नाही. पाच नंबरच्या टाकीवर सगळं पहिल्यापासून करू," ती म्हणाली. "हीटर तुम्हीच उतरवायचा. मी सांगेन तेव्हा."

आणि उभी राहिली.