वळणावर उतरवलेला पेटारा

मी स्पीकरचा पेटारा. गाडीच्या पाठीमागे बसवतात तो, धडधड वाजणारा. गाण्याबजावण्यातलं कुणी रसिक बोलतंय असं मात्र समजू नका. गाणं माझ्या वाट्याला कधी आलंच नाही. गाण्याच्या तळाशी जो दणका असतो तेवढाच माझा, आणि बाकी सगळं वजन. त्या वजनाबद्दलच सांगायचंय, आणि ते मान वर करून सांगता येणार नाही.

मला आ-बूनने बनवलं. तैवानच्या समुद्राकाठी, कोळंबीच्या तळ्यांमागे त्याच्या बापाची पत्र्याची शेड आहे, तिथे. त्याने शाळा सोडली की शाळेने त्याला, यावर गावात दोन मतं होती. बाप गेल्यावर त्या विषयावर बोलणंही थांबलं. हात मात्र पोराचा साफ होता. भुसा दाबून केलेल्या जाड फळ्या दुहेरी लावल्या, आतून आडवे टेकू दिले, सांधे डिंकाने बुजवले आणि तोंडात परातीएवढे दोन स्पीकर बसवले.

हा सगळा खटाटोप देवासाठी होता. आमच्या गावचा देव तिसरा राजपुत्र. वयाने पोरच, बापाशी भांडून घर सोडलेला. त्याच्यापुढे गोळ्या आणि खेळणी ठेवतात. दरवर्षी त्याची पालखी गाडीत घालून डोंगरावरच्या मूळ देवळात भेटीला नेतात, आणि गाडीमागे पोरं देवाचे मुखवटे चढवून दणक्यावर नाचतात. गेल्या खेपेला शेजारच्या गावाची गाडी जास्त वाजली. हे देवळाच्या समितीचे अध्यक्ष ल्याव यांच्या फार मनाला लागलं. त्यांनी आ-बूनला बोलावून सांगितलं की यंदा वरच्या पुजाऱ्याची कवळी हलली पाहिजे. वजन किती होईल, हे त्यांनी विचारलं नाही आणि यानेही सांगितलं नाही.

वजन झालं दोन धडधाकट माणसांएवढं. मला गाडीत चढवायला आ-बूनने आईला हाक मारली. त्याची आई थुई. व्हिएतनामहून लग्न होऊन या गावात आली आणि देवळाच्या अंगणात नूडल्सची हातगाडी लावून तिने घर चालवलं. मायलेकांनी मला आत ढकललं तशी व्हॅन मागून बसली, कुत्रं बसतं तशी. थुईने एकदा चाकांकडे पाहिलं आणि म्हणाली, "पुढे सरकव याला. माझं सुपाचं पातेलं मी चाकाच्या वर ठेवते. टोकाला ठेवलं तर दांडा हातातून वर जातो."

"आई, हे सूप नाही," आ-बून म्हणाला.

मागचं दार उघडं टाकून तोंड बाहेर काढल्याशिवाय दणका घुमत नाही, म्हणून मी शेपटालाच राहिलो. मग त्याने माझ्या वजनाचा बंदोबस्त केला. जादा चाक आणि जॅक शेडमध्ये टाकले. शेवटची सीट उपटली. मागच्या टायरांत ठासून हवा भरली आणि स्प्रिंगांच्या वेटोळ्यांत रबराचे ठोकळे कोंबले. स्प्रिंगाच बदलायला हव्यात, हे त्याला ठाऊक होतं. पण ठोकळ्यांनी शेपूट थोडं उचललं आणि गाडी लांबून सरळ दिसायला लागली. लांबून सरळ दिसलं की झालं, हे तो गावातल्या मोठ्या माणसांकडूनच शिकला होता.

यात्रेच्या सकाळी माझ्या पाठीवर पालखी बांधली. मधल्या सीटवर अध्यक्ष आणि समितीतले दोन म्हातारे बसले. थुई लांब उभी होती. नवरा जाऊन वर्ष व्हायचं होतं, आणि दुखवट्यातल्या माणसाने देवाजवळ जायचं नसतं. यात्रेचं सगळं जेवण मात्र तिनेच रांधलं होतं. दुखवटा देवाला लागतो, म्हाताऱ्यांच्या पोटाला लागत नाही. बाप तर आ-बूनचाही गेला होता, पण गाडी चालवायला तो हवा होता, म्हणून त्याचा दुखवटा कुणी मोजला नाही. ती जेवणाच्या टेम्पोतून सगळ्यांच्या मागे येणार होती. निघताना तिने खिडकीतून लेकाच्या हातात चहाची बाटली तेवढी दिली.

सपाट रस्त्यावर सगळं ठीक चाललं. मी वाजलो. लोकांनी छातीवर हात ठेवले, अध्यक्षांनी मान डोलावली. मग चढ लागला. बांबूच्या बनातून रस्ता वर जातो, तिथे धुक्याने डांबर ओलं असतं. शेवटच्या वळणावर माझं वजन मागे ओढलं गेलं. मागचं टायर वरच्या पत्र्याला घासायला लागलं, रबर जळल्याचा वास आला. आमची व्हॅन पुढच्या चाकांनी ओढणारी. शेपूट बसल्याने ती चाकं हलकी झाली आणि जागच्या जागी गरगरली. आ-बूनने पुन्हा जोर दिला. गाडी हातभर मागे आली.

म्हातारे उतरले, तरी तेच. वाजणं बंद केलं. अध्यक्षांनी पालखीच्या दांड्यावर हात ठेवला, डोळे मिटले आणि सांगून टाकलं, "देव जड झालाय. त्याला यायचं नाही."

आमच्याकडे हे असं होतं म्हणतात. देवाची मर्जी नसली की पालखी जड होते, चार माणसांना उचलत नाही. गाडीचं शेपूट का बसलं, हे वाकून बघायला कुणालाही सुचलं नाही. वाकायचं होतं ते सगळे देवापुढे वाकले.

कौल लावला. लाकडाचे दोन चंद्रकोरी तुकडे टाकायचे, एक पालथा आणि एक उताणा पडला की देव हो म्हणाला. वाट चुकली का, विचारलं. नाही. उदबत्ती कमी पडली का? नाही. कुणाचा नवस राहिलाय का? दोन्ही तुकडे उताणे पडले, म्हणजे देव हसला. हसण्यासारखंच होतं. मग एका म्हाताऱ्याने थुईचं नाव घेतलं. विचारत राहिलं की कधीतरी हो येणारच. तिच्या नावावर आलं.

तिला टेम्पोतून उतरवून वर आणलं. अध्यक्षांनी विचारलं, सकाळी गाडीला हात लावलास का. ती म्हणाली, पोराला चहा दिला. ते म्हणाले, दुखवट्यात?

"पायी घरी जा," अध्यक्ष म्हणाले. "आणि अंगणातली हातगाडी उद्या उचल. देवाला तू समोर नको आहेस."

थुईने लेकाकडे पाहिलं. लेकाने टायरकडे पाहिलं.

माझी लाज इथून सुरू होते. गावातल्या काचा हादरवेल एवढा आवाज माझ्यात होता, पण त्यात एक शब्द नव्हता. ज्याच्यापाशी शब्द होते तो गप्प बसला. ती उतारावर वळून दिसेनाशी झाली.

मग म्हातारे डोंगराकडे तोंड करून क्षमा मागायला उभे राहिले. तेवढ्यात आ-बूनने मागे नाचणाऱ्या पोरांतल्या दोन मित्रांना खूण केली, पालखी सोडली, मला बाहेर ओढलं आणि बांबूत लोटून दिलं. पालखी पुन्हा बांधली. त्याला वाटलं असणार, गाडी एकदा वर पोचू दे, मग सगळे विसरतील. गाडीचं शेपूट उचललं. पहिल्याच झटक्यात ती वळण चढून गेली.

थोड्या वेळाने वरून भोंग्यावर अध्यक्षांचा आवाज आला. बाई गेली आणि देव फुलासारखा हलका झाला, असं ते डोंगराला सांगत होते.

आ-बून एकही शब्द बोलला नव्हता. तरी त्यांच्या खोट्याला पुरावा त्यानेच पुरवला होता, आणि तो पुरावा मी.

थुई परत वर आली ती पिशवीसाठी. तिची पिशवी टेम्पोत राहिली होती, टेम्पो तर वर गेलेला. बांबूत तिला मी दिसलो. माझ्या एका कोपऱ्यावर तिने हात ठेवला. चढवताना तोच कोपरा तिच्या मांडीला लागला होता. तिने रस्त्यावरच्या चाकांच्या काळ्या खुणा पाहिल्या, मग मला पाहिलं. रडेल असं वाटलं. ती रडली नाही. पदराने हात पुसावेत तसे शर्टाला हात पुसले आणि मला कोपऱ्यावर उभा करून, पाडून, पुन्हा उभा करून, रस्त्याच्या मधोमध आणलं. मग माझ्यावर बसली.

उतरताना गाडीला थांबावंच लागलं. मागची माणसंही गोळा झाली. अध्यक्ष खाली उतरून म्हणाले, तुला घरी जायला सांगितलं होतं. तिने त्यांच्याकडे पाहिलंच नाही.

"आ-बून," ती म्हणाली, "तुझा देव इथे राहिला."

आ-बून उतरला. कान लाल झाले होते. तो माझ्यापाशी येऊन थांबला. मग म्हणाला, "अध्यक्ष, हे उचला."

"मी?"

"तुम्ही तिघं. उचलून बघा."

म्हाताऱ्यांनी माझी एक बाजू धरली. मी हललो नाही.

"हा होता पालखीखाली," आ-बून म्हणाला. "तुम्हाला दणका पाहिजे होता, त्याचं हे वजन. मी शेपटाला ठेवला. मला ठाऊक होतं. तिला हाकललंत तेव्हाही ठाऊक होतं."

मित्रांनी मला पुन्हा गाडीत लोटलं. सगळ्यांच्या देखत गाडी मागून बसली.

एक म्हातारा पुटपुटला, पण देवाने कौल दिला होता ना. आ-बून म्हणाला, मग आता माझं नाव घेऊन विचारा. अध्यक्षांनी लाकडाचे तुकडे खिशात टाकले. उशीर होतोय म्हणाले आणि मागच्या कुणाच्या तरी गाडीतून निघून गेले.

माफी कुणी मागितली नाही. हातगाडी ठेव म्हणून कुणी सांगितलं नाही, उचल म्हणूनही नाही. दुसऱ्या दिवशी थुईने नेहमीच्या जागी चूल पेटवली. दुपारी अध्यक्ष आले, नूडल्स मागितल्या, पैसे ठेवले.

माझे स्पीकर काढले, भोकांवर फळ्या मारल्या. आता मी तिच्या हातगाडीशेजारचा बाक आहे. माझ्यावर पोरं बसतात, मासे विकून दमलेल्या बाया बसतात. अध्यक्ष मात्र वाडगा हातात घेऊन उभ्यानेच खातात.

आ-बून सकाळी येऊन वाडगे विसळतो. थुई त्याच्याशी मिठाबद्दल बोलते, पाण्याबद्दल बोलते, त्या वळणाबद्दल नाही. काम झालं की तो खांबाला टेकून उभा राहतो. माझ्यावर एकदाही बसलेला नाही.

कधी आमच्या अंगणात आलात तर खुशाल बसा, मी हलणार नाही. फक्त एवढं करा. तो उभा दिसला तर चांगुलपणाने सरकून त्याला 'बस' म्हणू नका. ते तिने म्हणायचं आहे.