दवाईले विटाळ नसते

बोरगावच्या हेमराजच्या बागेत रोजच्यासारखा संत्र्यांचा तोडा चालू होता. मार्चचं ऊन डोक्यावर यायच्या आतच तोडणाऱ्या बायांमधल्या पुष्पाची घरून आणलेली पाण्याची बाटली रिकामी झाली. विहिरीजवळ सावलीत माठ होता, माठावर पालथा पितळी गडवा. तो गडवा बाकी बायांसाठी. पुष्पासाठी ओंजळ. हेमराजची म्हातारी माय पंचफुला वरून धार सोडणार आणि अर्धं पाणी कोपरावरून मातीत जाणार. कारण एवढंच, की पुष्पा बौद्ध वस्तीतली. याच बागेत हेमराज मोबाइलवर नागपूरचा भाव पाहतो, ठिबकचं बटण घरून दाबतो. गडवा मात्र आज्याच्या काळातला.

पुष्पानं ओंजळ करणं केव्हाच सोडलं होतं. "जनावरंही तोंड लावून पेतेत. मी काहून हात पसरू?" असं म्हणून बाटली संपली की ती दिवसभर कोरडी राही. त्या कोरडेपणानं तिच्या उजव्या मूत्रपिंडात खडा धरला. आता डावीकडेही सुरुवात होती. सौंसरच्या डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं होतं, "पाणी प्या बाई, नाहीतर दोन्ही जातील."

तिची पोरगी प्रज्ञा पांढुर्ण्याच्या कॉलेजात एम.एस्सी. करत होती. गोखरू, पानफुटी अशा झाडपाल्याचे अर्क काढायचे, लघवीसारखं खारट द्रावण काचेच्या नळ्यांत घ्यायचं, त्यात अर्क घालून खडे धरायचे थांबतात का ते सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं, हे तिचं काम. हा विषय तिनं कोणासाठी निवडला, ते सांगायला नको.

"आई, आज मॅडम लय भडकल्या. एका नळीत मी चुकून तिप्पट पाणी ओतलं."

"मंग?"

"मंग काय! गोखरूच्या नळीत थोडे तरी खडे होते. त्या चुकीच्या नळीत जवळपास नाहीच."

पुष्पा कूस दाबून हसली. "एवढी शिकली न पाणी शोधून काढलं वं तू!"

प्रज्ञा हसली नाही. "तेच तर तुले भेटत नाही न, आई."

त्याच आठवड्यात संध्याकाळी हेमराज स्वतः वस्तीत आला. त्यालाही मुतखडा होता. ओट्याच्या कडेला टेकून म्हणाला, "पोरी, तू म्हणे खड्याची दवा बनवून राहिली. शिशीभर दे मले."

"काकाजी, ते अजून नळीतलं काम आहे. माणसावर तपासल्याशिवाय देणार नाही मी." प्रज्ञा आत गेली आणि पाण्याचा गिलास घेऊन आली. "तोवर हेच. दिवसभर पेत राहा."

हेमराजनं गिलासाकडे पाहिलं. हात पुढे आला नाही.

"तहान नाही मले."

"अन् शिशी दिली असती तर?"

"दवाईची गोष्ट अलग आहे, पोरी. दवाईले विटाळ नसते."

किती सहज बोलला! दाराआड बसलेल्या पुष्पानं ते ऐकलं.

दुसऱ्या दिवशी तोडा ऐन रंगात असताना पुष्पा झाडाखालून निघाली. सरळ माठाकडे गेली, गडवा उचलला, माठात बुडवला आणि तोंड लावून गटागटा प्यायली.

"अवं बाटवला वं! माठ बाटवला!" पंचफुला ओरडली.

पुष्पानं गडवा पुन्हा भरला. "दवा घेऊन राहिली मी, माय. डॉक्टरनं पाणीच लिहून देल्लं. दवाईले विटाळ नसते. इचार तुया पोराले."

झाडाझाडावर बायांचे हात थांबले. सगळ्या हेमराजकडे पाहू लागल्या. त्यानं दगड घेतला आणि माठ फोडला.

"माठ फोडला," पुष्पा म्हणाली. "आता विहीर फोडता काय, मालक?"

विहिरीवर नुसती मोटार, तिचं बटण हेमराजच्या हाती; त्या दुपारी बागेतल्या एकाही बाईला पाणी मिळालं नाही. जातीची तहान अशी सगळ्यांच्या घशाला पडते, पण शिव्या खाल्ल्या त्या पुष्पानं. तिचं काम सुटलं. बोरगावात तिला दुसरं कोणी बोलवत नाही. पोटातला खडा अजून आहे. आता ती घरी तांब्या भरून पिते.

प्रज्ञाचा अर्क आज ना उद्या बाटलीत येईल. हेमराज तो डोळे मिटून पिईल, तुम्हीही प्याल. हेमराजला शिव्या द्यायला सोप्या आहेत. पण तुमच्या घरी भांडी घासायला येते त्या बाईचा कप कुठे ठेवलाय? खिडकीत, वेगळा? आधी तो उचलून आपल्या कपांत ठेवा.