इंदुरीजवळच्या ओढ्यावरचा कमानी पूल

मी इंदुरीजवळच्या ओढ्यावरचा पूल आहे. काँक्रीटचा, एकाच कमानीचा. माझ्यावरून सगळेच जातात, पण खाली वाकून माझी कमान बघणारे थोडेच. म्हणून माझं मीच सांगतो.

माझ्या आधी इथे दगडी पूल होता, तो पुरात गेला. मग ओढ्यात लाकडी बल्ल्यांचा सांगाडा उभा राहिला. त्यावर गावातल्या भिमाजीने लोखंडी सळया बांधल्या आणि बायांच्या घमेल्यांतून काँक्रीट येत गेलं. त्या बायांत भिमाजीची बायको शकुबाईही होती, नुकतीच लग्न होऊन आलेली.

काँक्रीट पक्कं झाल्यावर सांगाड्याखालच्या आधाराच्या पाचरी काढायला भिमाजीच खाली उतरला. पाचरी सैल झाल्या, तसं माझं वजन माझ्यावर आलं. मी केसभर खाली बसलो आणि दोन्ही काठांना पाय रोवून थांबलो. नवरा बाहेर येईपर्यंत शकुबाईच्या जिवात जीव नव्हता.

पुढे बैलगाड्या गेल्या, ट्रॅक्टर आले, मग कारखान्यांचे ट्रक. माझे पोपडे निघाले, सळया उघड्या पडून गंजल्या. डागडुजीला कोणी फिरकलं नाही. यंदा मात्र दोन्ही तोंडांना पिंपं ठेवून मला बंद केलं. पाडणार, अशी बोलवा उठली.

भिमाजीला आता डायलिसिससाठी तळेगावला न्यावं लागतं. रिक्षा लांबच्या वळशाने जायची. घरी येईपर्यंत तो पार गळून जायचा.

अनघा नावाच्या इंजिनिअर बाईंनी मला हातोडीने ठोकून पाहिलं. वाळूचे ट्रक उभे करून मी किती वाकतो तेही मोजलं. मी घाबरलो होतो. शकुबाई काठावर बसून होती.

"बाई, पाडनार का ह्याला?"

"नाही आजी. कमान भक्कम आहे. वरचा स्लॅब तेवढा नवीन करू. ट्रकना दुसरा पूल होतोय."

"मंग रिक्षा जाईल न्हवं हितनं?"

"पावसाच्या आधी जाईल."

शकुबाईने पदराने तोंड पुसलं. "लय बरं झालं. ह्यास्नी सांगते," म्हणाली आणि घराकडे निघाली.

स्लॅब झाला. परवा भिमाजीला घेऊन कैलासची रिक्षा आली.

"कैलास, हळू घे."

"का आबा, दुखतंय का?"

"न्हाई. जरा बगू दे."

आता ट्रकांचं ओझंही उतरलंय. तुमच्याकडे एकच मागणं आहे. माझ्यावरून जाताना पाणी जायच्या भोकांत कचरा अडकलेला दिसला, तर तेवढा काढा. बाकी भार मी घेतो.