तापलेला माल

वलगावच्या उत्तमरावांना तापलेला माल हाताला कळायचा. मेथीच्या ढिगात मनगटापर्यंत हात घालून ते सांगत, हा ढीग अमरावतीचा बाजार गाठेल की वाटेतच पिवळा पडेल. तीस वर्षं भाजीत काढलेला माणूस, त्यांचा हात खोटं बोलत नसे. कम्प्युटरचं मात्र त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, आणि नेमका घरातला कम्प्युटरच तापायला लागला.

तो होता आचलचा, त्यांच्या मुलीचा. सुटे भाग आणून तिनं स्वतःच जोडलेला. आणि पेटी काय देखणी! समोर काच, वर काच, बाजूला काच, आत निळ्याजांभळ्या उजेडाचे तीन पंखे. शेजारच्या पार्वताबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा नवीन देवघर समजून त्यांनी चप्पल बाहेर काढली होती.

नागपूरच्या एका कंपनीनं आचलला परीक्षेचं काम दिलं होतं. अजून न बांधलेल्या इमारतीची दोन मिनिटांची फिल्म करायची. तिचं काम झालं होतं. आता कम्प्युटरनं सलग सहा तास चालून ती फिल्म बाहेर काढायची आणि रविवारी संध्याकाळी सहाच्या आत ती पाठवायची. पसंत पडली तर घरी बसून नोकरी. नाहीतर जूनमध्ये पुणं, मिळेल ते काम आणि मिळेल ती खोली. उत्तमराव वरवर म्हणत, "पोरगी जाईन तिकडं, शिकन," पण पुण्याचं नाव निघालं की घास त्यांच्या तोंडातल्या तोंडात फिरत राही.

मे महिना, त्यात पत्र्याची खोली. शनिवारी कम्प्युटर चाळीस मिनिटं चालला आणि बंद पडला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. आचलनं अकोल्याला मामेभावाला, विपुलला फोन केला. त्याचं कम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे.

"अवं, इथं अकोल्यात माणसं बंद पडून राहिले, तू कम्प्युटरचं काय घेऊन बसली?" विपुल म्हणाला. "पाण्यानं थंड करायचं सामान येते. बोलावून देतो, आठ दिवसांत."

आठ दिवस होते कुणाकडं? आचल फोन आपटून जेवायला गेली. पण "पाण्यानं थंड" हे शब्द उत्तमरावांच्या कानावर पडले होते, आणि त्यातलं त्यांना सगळं येत होतं. त्यांनी तागाचं पोतं हौदात बुडवलं, पिळलं, आणि कोथिंबिरीवर टाकतात तसं मायेनं कम्प्युटरवर पांघरलं. वरून दोन ओंजळी पाणीही शिंपडलं.

आचलची किंकाळी पार्वताबाईंच्या अंगणात ऐकू गेली.

"बाबा! हे काय करून राहिले तुमी?"

"तापला होता व. विपुलच म्हणे, पाण्यानं..."

"ते पाणी नळीतून फिरते, बाबा! पोतं नाई टाकत त्याच्यावर!"

नशीब बलवत्तर. वरची काच अशी गच्च बसलेली, की आत थेंबही गेला नव्हता. आचलनं पोतं अंगणात भिरकावलं आणि फर्मान सोडलं, "माह्या खोलीत आता पाय नाई टाकायचा." उत्तमराव गरीब गाईसारखे बाहेर आले.

"कोथिंबीर कधी वरडली नाई, म्हणून तुमाले सवय लागली," त्यांची बायको शालू पोतं वाळत घालता घालता म्हणाली.

रविवारी सकाळी नऊला आचलनं कम्प्युटर लावला. पावणेदहाच्या आत बंद. बारापर्यंत नीट सुरू झाला नाही, तर सहा तास काही भरणार नव्हते. ती डोकं धरून बसली. उत्तमराव दारात उभे, अंगठासुद्धा उंबऱ्याच्या बाहेर.

"नाईच झालं तर?" त्यांनी विचारलं.

"तर पुणं," आचल भिंतीकडं बघत म्हणाली.

उत्तमराव म्हणाले, "पाय नाई टाकत, पोरी. पण हात टाकू काय?"

आचलला रडता रडता हसू फुटलं. "या," ती म्हणाली.

आचलनं कम्प्युटर पुन्हा लावला, तसा त्यांनी काचेवर तळवा ठेवला. खाली बरी होती, वर तव्यासारखी. मागं हात धरला, तर वारा नावालाच. "हे पंखे काय करते?"

"बाहेरची थंडी हवा आत घेते. तीनही. जास्त हवा जावी म्हणून मीच तसे लावले."

"अन् बाहेर कोण काढते?"

आचलनं तिन्ही पंख्यांवरून नजर फिरवली.

"कूलर लावला तं समोरची खिडकी उघडतो का नाई आपण? नाईतर खोलीचा हमाम होते. मेथी रचतो तं मधात हात जाईन एवढी जागा ठेवतो, गरमी निघायले. तू तं तिघं जण आत घुसवले अन् दार लावून घेतलं."

"एक पंखा उलटा करतो," आचल उठत म्हणाली, आणि लगेच थबकली. "पण काचेतून गरमी निघन कुठून?"

उत्तमराव गोठ्याकडं गेले आणि टमाट्याचं एक रिकामं कॅरेट, जाळीदार प्लास्टिकची पेटी, धुऊन, पुसून घेऊन आले. "घे. याले चारी अंगानं नाकपुड्या आहे."

मग काय, देखणी पेटी रिकामी झाली. कॅरेट आडवं ठेवून आचलनं सगळा संसार त्यात प्लास्टिकच्या पट्ट्यांनी आवळला. दोन पंखे बाजूनं हवा आत घेणारे, एक वर, गरमी ओढून बाहेर टाकणारा. उत्तमरावांनी सगळे स्क्रू बियाण्यासारखे ओंजळीत धरले होते. पावणेबाराला बटन दाबलं.

चाळिसावं मिनिट आलं तेव्हा तिघंही घड्याळाकडं बघत होते. एक्केचाळिसावं गेलं. पन्नासावं गेलं. शालूनं सुटल्यासारखं होऊन चहा टाकला. उत्तमराव दर अर्ध्या तासानं वरच्या पंख्यावर हात धरत आणि म्हणत, "निघून राहिली, गरमी निघून राहिली!" सहाला दहा कमी असताना फिल्म नागपूरला गेली.

गुरुवारी फोन आला. आचलला घेतलं होतं. उत्तमराव ढसाढसा रडले आणि त्यांनी ते लपवलंही नाही. काचेची पेटी शालूनं मागून घेतली. "हवा बाहेर निघत नाई म्हणता ना? मंग माह्या कुरड्यांले बेस आहे."

दुसऱ्या दिवशी बाजारात अडत्या गजेंद्रनं उत्तमरावांची गाडी उतरवली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"उत्तमराव, माह्याकडून वीस कॅरेट नेले होते. हे तं एकोणीसच आले."

"ते नाई येत आता बाजारात," उत्तमराव छाती काढून म्हणाले. "त्याले घरीच नोकरी लागली."