गोड चिठ्ठ्यांचा डबा

मित्रांनो, जुना तर मी आहेच. बिजागरी ढिली, एक कोपरा उंदरानं कुरतडलेला. पण ते सोडा. मला जे सांगायचंय ते सांगताना लाज वाटते, म्हणून पटापट सांगतो. मध्येच कोणी 'अरेरे' करू नका.

मी वचनांचा डबा. सुतारानं खिडकीच्या उरलेल्या फळीतून मला केलं. माझ्यात बोटाएवढ्या कागदी सुरळ्या उभ्या असतात, प्रत्येकीवर शास्त्रातलं एक वाक्य. शुक्रवारी ख्रिस्ती मंडळी प्रार्थनेला जमली की मला फिरवायचं. डोळे मिटून एक सुरळी ओढायची, आज देव आपल्याशी काय बोलला ते मोठ्यानं वाचायचं.

घर मास्तरांचं. शाळेतून रिटायर झालेले. चिठ्ठ्या त्यांनीच लिहिल्या, सगळ्या मिळून दोनशे. तेव्हा माझ्यात सगळंच होतं. 'भिऊ नको' होतं, तसं 'जगात त्रास होणारच' हेही होतं. एकदा नव्यानं आलेल्या बेकरीवाल्याच्या हाती नेमकी ती त्रासाची चिठ्ठी आली. त्याचं तोंड एवढंसं झालं. पुढच्या शुक्रवारी तो आलाच नाही.

मास्तर वैतागले. मला टेबलावर पालथा केला, तांदळातले खडे निवडावेत तशा दुःखाच्या चिठ्ठ्या निवडल्या आणि शेगडीत टाकल्या. त्याच जाळावर त्यांचा चहा उकळला.

मला काय वाटलं? खरं सांगतो, बरं वाटलं. हलका झालो. लोक म्हणायचे, "काय गोड डबा आहे हो तुमचा." मी नुसता फुगलो.

मग शिवणताईची बोटं वाकायला लागली. गल्लीच्या तोंडाशी तिचं शिलाई मशीन. तिनं बसवलेली कॉलर कधी वाकडी बसली नाही. डॉक्टर म्हणाले, संधिवात, आता कायमचा. पहिल्या शुक्रवारी तिनं चिठ्ठी ओढली, 'मी तुला बरं करीन.' सगळे आमेन म्हणाले. दुसऱ्या शुक्रवारी, 'मागा म्हणजे मिळेल.' पुन्हा आमेन. बोटं वाकतच गेली. चौथ्या महिन्यात तिला सुरळी ओढताच येईना. वाकडी बोटं सुरळ्यांवरून नुसती घसरतायत, आणि सगळे बघतायत.

मास्तर हळू आवाजात म्हणाले, "ताई, वचन खोटं नसतं. मग आडवं काय येतंय? काही कबूल करायचं राहिलंय का?"

झालं. ती दर शुक्रवारी एकेक पाप आणायला लागली. आधी गिऱ्हाइकाच्या कापडातला रुमालाएवढा तुकडा. मग म्हणाली, "सासूबाईंचा चष्मा मी मुद्दाम लपवला होता."

सासूबाई शेजारीच होत्या. "माहितीय मला. मी तुझी कात्री लपवली होती. फिटलं."

सगळे हसले. ती नाही हसली.

नंतर पापं संपली. ती बनवून सांगायला लागली. ऐकणाऱ्याला कळत होतं, पण कोणी थांबवलं नाही. आणि एका शुक्रवारी ती म्हणाली, "आता काही आठवत नाही मास्तर. देवाला मी नकोच असेन. मी यापुढं येत नाही."

मास्तरांनी घाईघाईनं मला पुढं केलं. "एक ओढून तर बघा."

मित्रांनो, माझ्यात शंभरावर चिठ्ठ्या होत्या आणि तिच्या दुखण्याची एकही नव्हती. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

सासूबाईंनी माझं झाकण खाडकन लावलं. "राहू दे तो डबा. मास्तर, शास्त्रात तो माणूस आहे ना, ज्याची गुरं, पोरं सगळी एका दिवसात गेली, वर अंगभर फोड आले? त्याचे दोस्त सात दिवस गप्प बसले, तोवर बरे होते. मग तोंड उघडलं आणि त्याचंच पाप शोधायला लागले. शेवटी देव कोणावर रागावला?"

"दोस्तांवर," मास्तर म्हणाले.

"आणि आपला प्रभू क्रूसावर ओरडला, देवा, मला का सोडलंस, म्हणून. त्याचा विश्वास कमी पडला होता? त्यानं कुणाचं कापड चोरलं होतं?"

मास्तरांची मान खाली. "अशी वाक्यं होती यात. मी जाळली."

शिवणताईनं दोन्ही हात मांडीवर उघडे ठेवले. "दुखतंय," ती म्हणाली. "सकाळी तर ब्रशसुद्धा धरवत नाही." यावर कोणी आमेन म्हणालं नाही. सासूबाईंनी तिचा हात ओढून घेतला आणि एकेक बोट चोळायला लागल्या.

बोटं काही सरळ झाली नाहीत. निम्मी गिऱ्हाइकं गेली. पण ती येते. मास्तर शेजारी बसून तिच्या आठवड्याच्या सुया ओवून देतात, दोरा सारखा चुकतो, आणि ती त्यांना म्हणते, "मास्तर, नापास." मी फळीवरून बघतो.

मित्रांनो, मला पुसून ठेवा, ठेवू नका, तुमची मर्जी. पण दुखणाऱ्याच्या हातात घाईनं गोड चिठ्ठी कोंबू नका. आधी त्याच्या शेजारी बसा, कुठं दुखतंय ते विचारा. मला विचारता येत नव्हतं. तुम्हाला येतं.